चौदाव्या प्रश्नाचं उत्तर

प्रश्नावलीतला चौदावा प्रश्न असा होता : ‘व्याघ्र प्रकल्पामुळे आपल्या गावाचा फायदा झाला, असे आपणास वाटते काय?’ पुढे पाच चौकटी. पूर्ण सहमत, सहमत, सांगता येत नाही, असहमत, पूर्ण असहमत. एकीत खूण करायची आणि पंधराव्या प्रश्नाकडे वळायचं. ताडोबाच्या बफरमधल्या गावांत मी हे काम काही वर्षं केलं. कधी एखाद्या विद्यापीठासाठी, कधी एखाद्या संस्थेसाठी. प्रश्नावल्या बदलायच्या, पण कुठल्या ना कुठल्या क्रमांकावर हा प्रश्न यायचाच. माझ्या लेखी तो सगळ्यांत निरुपयोगी प्रश्न होता आणि अहवालात सगळ्यांत मोठा रंगीत आलेख त्याचाच असायचा.

निरुपयोगी अशासाठी, की पहिल्या फेरीत जवळपास सगळं गाव ‘पूर्ण सहमत’ असतं. गळ्यात ओळखपत्र अडकवलेली, हातात पॅड धरलेली बाई ग्रामपंचायतीसमोर जीपमधून उतरली की ती सरकारी, हे गावाला सांगावं लागत नाही. सरकारी माणसाला काय ऐकायचं असतं तेही सांगावं लागत नाही. ‘वाघ हाये म्हून जंगल हाये जी,’ हे वाक्य मला इतक्या जणांनी एकाच चालीत म्हणून दाखवलं, की शेवटी मी ते आलं कुठून याचा शोध घेतला. शाळेच्या भिंतीवर रंगवलेलं होतं. एका म्हाताऱ्यानं मात्र खाटेवरून न उठता विचारलं, ‘तुमाले जे पायजे ते लिवा ना बाई. खाली सही पायजे का आंगठा, तेवढं सांगा.’

जीप परत गेली आणि आपण मुक्कामाला राहिलो, की बोलणं सुरू व्हायचं. जेवणं झाल्यावर, अंगणात, पॅड पिशवीत गेल्यावर. आणि त्या बोलण्यात वाघाबद्दल तक्रार फार कमी असायची. रानडुकरांबद्दल असायची, रोह्यांबद्दल असायची, पण बराचसा राग असायचा तो फारेस्टवाल्यांवर. त्यातही सगळ्यांवर नव्हे. कोण कसं बोललं, कोण कधी आलं, कोणी कागद अडवला, हे नावानिशी सांगितलं जायचं. माझं मत यातूनच बनत गेलं : अभयारण्याविषयी गावाला काय वाटतं, हे प्राण्यापेक्षा त्या प्राण्याच्या वतीनं गावात येणारा माणूस ठरवतो.

ताडोबा हे राज्यातलं सगळ्यांत जुनं राष्ट्रीय उद्यान. १९५५ मध्ये झालं तेव्हा ते सव्वाशे चौरस किलोमीटरही नव्हतं. १९८६ मध्ये लगतचं अंधारी अभयारण्य जाहीर झालं, १९९५ मध्ये दोन्ही मिळून व्याघ्र प्रकल्प झाला. गाभा क्षेत्र सव्वासहाशे चौरस किलोमीटरचं. २०१० मध्ये त्याच्याभोवती आणखी अकराशे चौरस किलोमीटरचं बफर आखलं गेलं आणि त्यात ऐंशीच्या घरात गावं सापडली. गावं जिथल्या तिथंच होती. रेघ सरकत सरकत त्यांच्या बांधापर्यंत आली.

एका गोंड आजीला ही सालं माहीत नव्हती. तिचा हिशेब निराळा होता. तिच्या सासऱ्याच्या काळात पौषात बैलबंड्या जुंपून सगळं गाव तारू देवाला जायचं. तारू हा गावप्रमुख, वाघाशी लढताना मेला, आणि लोकांनी त्याला देव केलं. त्याचं ठाणं तळ्याच्या काठी आहे आणि ताडोबा हे नाव त्याच्यावरूनच पडलं असं सांगतात. तळ्याभोवतीचं जंगल गाभा क्षेत्रात गेलं आणि देव आत राहिला. आता तिथं जायचं तर परवानगी, वेळ, गाडी, सगळं ठरवून दिलेलं. आजीची तक्रार देवाला भेटता येत नाही एवढीच नव्हती. ‘नागपूरचे लोक रोज जातेत जी सकाळ-संध्याकाळ. आमचा देव पायतेत, फोटो काढतेत. आमाले काहून इचारा लागते?’ या प्रश्नाला चौकट नव्हती. मी तो मागच्या कोऱ्या पानावर लिहून घेतला. अशी मागची पानं अहवालात जात नाहीत.

वाघाला देव मानणारी आणि वाघानं मारलेल्या माणसालाही देव मानणारी ही माणसं. शिवेवरच्या वाघदेवाच्या दगडाला आजही शेंदूर लागतो. त्यांच्यापुढे प्रोजेक्टर लावून वाघाचं महत्त्व समजावून सांगणारे कार्यक्रम मी पाहिले आहेत. गाव शांतपणे बसून पाहतं. शेवटी बिस्किटं वाटतात.

ऋतू बदलला की उत्तर बदलतं, ही गोष्ट मला फार उशिरा नव्हे, दुसऱ्याच वर्षी कळली. सर्वेक्षणं बहुतेक डिसेंबर-जानेवारीत होतात. हवा चांगली असते, विद्यापीठाला सुट्टी असते, धान घरात आलेलं असतं आणि माणसं अंगणात उन्हाला बसलेली सापडतात. पोटात अन्न आणि डोक्यावर कोवळं ऊन असताना माणूस बराच सहमत असतो. एप्रिलमध्ये त्याच घरी गेलं तर दाराला कडी. घरातली सगळी बायामाणसं मोहाला.

मोहाचं काम कसं चालतं हे पाहिल्याशिवाय या भागातल्या वाघाबद्दल बोलू नये. फुलं रात्री उशिरा आणि पहाटे गळतात. उजाडायच्या आत झाडाखाली पोचलं नाही तर चितळं, अस्वलं आणि मोकाट गुरं आधी पोचतात. म्हणून चार-साडेचारला टोपली घेऊन बाई निघते. एकेका घराची झाडं पिढ्यान्पिढ्या ठरलेली असतात, दुसरं कुणी त्याखाली वेचत नाही. झाडाखालचा पाला आधी जाळून जागा लख्ख करायची, म्हणजे पिवळी फुलं दिसतात. या जाळण्यातून वणवे लागतात म्हणून वनखात्याची त्याला मनाई आहे. झाडाखाली जाळी अंथरा, असं खातं सांगतं. मग दोन-तीन तास कमरेत वाकून, कधी उकिडवं बसून, एकेक फूल वेचायचं. वाकलेला माणूस वाघाला माणसासारखा दिसत नाही. उभ्या माणसाला टाळून जाणारा वाघ बसलेल्या माणसावर झेप घेतो, हे जंगलातला जाणता माणूस सांगतो आणि वेचणाऱ्या बाईलाही ते ठाऊक असतं. मी एकीबरोबर गेले होते. ती दर थोड्या वेळानं सरळ उभी राहून मोठ्यानं खोकायची. खोकला झालेला नव्हता.

मोह संपतो तोवर तेंदूपत्ता सुरू. सत्तर पानांचा एक पुडा, शंभर पुड्यांवर मजुरी. हे पैसे मे महिन्यात रोख हातात येतात, आणि त्यावर खरिपाचं बी, खत आणि पोरांच्या वह्या-पुस्तकांचं गणित उभं असतं. ‘उन्हाळ्यात जंगलात जाऊ नका’ असं सांगणाऱ्याला हे गणित माहीत असायला हवं. २०२५ च्या मे महिन्यात सिंदेवाही तालुक्यात तेंदूपत्ता तोडायला गेलेल्या तीन बायका एकाच दिवशी वाघिणीच्या हल्ल्यात मेल्या. ते जंगल व्याघ्र प्रकल्पाच्या हद्दीबाहेरचं. चंद्रपूर जिल्ह्यात वाघ आणि माणूस यांची गाठ हद्दीच्या आत पडते त्यापेक्षा हद्दीबाहेर, ब्रह्मपुरी-सिंदेवाहीकडच्या धानाच्या बांध्या आणि झुडपी जंगलातच जास्त पडते. रेघ वाघाला दिसत नाही, असं लोक हसून म्हणतात. पण नियम मात्र रेघ पाहून लागतात.

भरपाईबद्दल लिहायलाच हवं, कारण चौदाव्या प्रश्नाचं खरं उत्तर तिथं आहे.

एका गावात आषाढाच्या तोंडावर एका शेतकऱ्याचा बैल वाघानं मारला. रोवणी जवळ आलेली. चिखलणीला जोडी लागते. उरलेला एक बैल बांधून ठेवण्यापलीकडे कामाचा नाही. नियमाप्रमाणे ४८ तासांच्या आत खात्याला कळवायचं आणि पंचनामा होईपर्यंत मढं जागेवरून हलवायचं नाही. तो माणूस दिवसभर छत्री घेऊन बैलाजवळ बसून होता. घोंघावणाऱ्या माश्या हाकलत होता, जणू त्याचा अजून काही उपयोग होता. कुत्र्यांनी ओढून नेला, तर खूण पुसेल आणि खूण पुसली तर वाघानं मारल्याचं कोण मानणार? दुसऱ्या दिवशी दुपारी वनरक्षक आला, मग वनपाल, मग किंमत ठरवायला जनावरांचे डॉक्टर. मानेवरच्या सुळ्यांच्या खुणा मोजल्या, फोटो काढले, पंचांच्या सह्या झाल्या. पुढे ग्रामपंचायतीचा दाखला, आधार, पासबुक. पासबुकावरचं नाव आणि आधारवरचं नाव यात एका अक्षराचा फरक. तेवढ्यासाठी कागद एका कार्यालयात पडून राहिला. रोवणी त्यानं तासाच्या भाड्यानं ट्रॅक्टर लावून केली. पैसे आले तेव्हा धान पोटरीत होतं.

त्या वर्षीच्या प्रश्नावलीत एक प्रश्न होता, ‘नुकसानभरपाई मिळाली काय?’ उत्तर ‘होय’ होतं, आणि ते खोटंही नव्हतं. अहवालात तो लाभार्थी म्हणून मोजला गेला. चौदाव्या प्रश्नावर मात्र त्यानं माझ्या हातातला पेन घेतला आणि स्वतः ‘पूर्ण असहमत’वर खूण केली. इतकी ठसठशीत, की पुढच्या पानावर उमटली.

तिथून काही किलोमीटरवर दुसरं गाव. तिथंही वाघ तेवढेच, जनावरं मेलेली तेवढीच, कायदा तोच, दर तेच. तिथला वनरक्षक आदिवासी घरातला होता आणि स्वतः गुरं राखून शिकलेला. फोन केला की तासाभरात मोटारसायकलवर यायचा. आला की आधी मालकाशेजारी जमिनीवर बसायचा, बैल कितीला घेतला होता, कुठल्या बाजारातून आणला, शिकवला कुणी, हे विचारायचा. मग टेप काढायचा. कागद पुरे करायला स्वतः तालुक्याला जायचा. मढ्यावर वाघ परत येतो म्हणून रात्री गावातल्या पोरांना घेऊन राखणीला बसायचा. रागाच्या भरात कुणी मढ्यावर विष टाकू नये, हाही त्यात हेतू असायचा आणि तसं तो उघड बोलून दाखवायचा. या गावात वाघीण पिल्लं घेऊन कुठल्या नाल्यात बसली आहे, हे खात्याच्या कॅमेऱ्याआधी गुराख्यांकडून त्याला कळायचं. चौदाव्या प्रश्नाला तिथं ‘सहमत’ यायचं. ‘पूर्ण’ कुणी म्हणायचं नाही, पण सहमत. त्याची बदली झाली. पुढच्या फेरीत उत्तरं घसरली, आणि अहवालात त्याचं कारण ‘जनजागृतीचा अभाव’ असं पडलं.

माणूस गेला तर राज्य सरकार २०२३ पासून २५ लाख रुपये देतं. रक्कम वाढत वाढत इथवर आली आणि ती वाढली हे चांगलंच झालं. पण गावात या पैशाचं काय होतं तेही पाहिलं आहे. काही रक्कम लगेच, उरलेली बँकेत ठेव म्हणून. नवरा गमावलेल्या एका बाईला शेजारणी नळावर ऐकवायच्या, ‘तुह्यं बरं झालं, बाई.’ तिनं मला चौदावा प्रश्न गाळायला सांगितला. मी गाळला. अशा वेळी पर्यवेक्षकाला ‘सांगता येत नाही’ लिहून द्यावं लागतं.

पर्यटनाबद्दल शहरात एक समजूत आहे, की गावाला चार पैसे मिळाले की गाव वाघाच्या बाजूचं होतं. मोहर्ली, कोलारा अशा गेटच्या गावांत हे काही प्रमाणात खरं आहे. जिप्सीचालक, गाइड, हॉटेलात काम करणारी पोरं, घरात दोन खोल्या काढून पाहुणे ठेवणारी कुटुंबं. गेटच्या गावात पैसा दिसतो. गाइडमध्ये मुलीही आहेत. त्यांतल्या एकीची ओळख झाली होती. सकाळच्या फेरीला पर्यटकांना ती छान समजावून सांगायची, वाघ उगाच माणसाच्या वाट्याला जात नाही, माणूस हे त्याचं भक्ष्य नाही. एप्रिलमध्ये मात्र गेटमधून आत शिरण्याआधी ती दोन मिनिटं बाजूला जाऊन आईला फोन लावायची, मोहावरून घरी परतली की नाही हे विचारायला. दोन्ही गोष्टी तिला खऱ्या वाटत होत्या आणि त्यात तिला काही विसंगत दिसत नव्हतं. मलाही नाही.

पण गेटपासून सात-आठ किलोमीटर दूर गेलं की चित्र बदलतं. तिथं जिप्सी नाही, हॉटेल नाही. वाघ, डुकरं आणि नियम मात्र आहेत. अशा गावांत मुलाखत संपल्यावर ‘तुम्हाला काही विचारायचंय का?’ असं म्हटलं की दोनच मागण्या यायच्या : शेताला तारेचं कुंपण द्या, नाहीतर आमच्या बाजूनं गेट उघडा. आणि गेटच्या गावांतही रिसॉर्टला जमीन विकून त्याच रिसॉर्टमध्ये झाडांना पाणी घालणारे भेटतात. जमिनीचा भाव तेव्हा लाखांत वाटला होता. आता समोरच्या खोलीचं एका रात्रीचं भाडं त्यांना तोंडपाठ आहे.

२०१५ मध्ये राज्यानं सुरू केलेल्या श्यामाप्रसाद मुखर्जी जन-वन विकास योजनेतून बफरमधल्या गावांत गॅस, सौर कुंपण असं बरंच काही आलं. चांगली योजना. गॅसमुळे सरपणाच्या फेऱ्या कमी झाल्याचं बायाच सांगतात. मात्र सिलिंडर भरायला पैसे नसले की शेगडीवर रिकामी भांडी ठेवलेली आणि मागच्या अंगणात चूल पेटलेली, हेही पुष्कळ घरांत दिसतं. आणि कुणी तरी हटकून कोळशाच्या खाणीचा विषय काढतंच. चंद्रपूरभोवती उघड्या खाणी आहेत, औष्णिक वीज केंद्र आहे. ‘आमची मोळी धरतेत. तिकडं डोंगरच्या डोंगर उकरून ऱ्हायले, त्यायले कोन धरते?’ याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं. आजही नाही.

पुनर्वसनाचा विषय थोडक्यात आटोपते, कारण त्यावर दोन्ही बाजूंनी फार छाती पिटली जाते. गाभा क्षेत्रातल्या बोटेझरीची माणसं भगवानपूरला गेली, नवेगाव उठलं, जामणी उठलं. कुटुंबामागे आधी १० लाख, मग १५ लाख. तरुणांना बहुतेक जायचं असतं. रस्ता, शाळा, दवाखाना, मोबाइलची रेंज. म्हाताऱ्यांना नसतं. बायकांना विचारलं तर त्या आधी पाणी आणि सरपण कुठं मिळेल ते विचारतात. सगळ्या गावाचं एक मत असं मला कुठंच भेटलं नाही.

याच जिल्ह्यात गोंडपिपरी तालुक्यात पाचगाव आहे. वनहक्क कायद्याखाली २०१२ मध्ये गावाला सामूहिक हक्क मिळाला, जंगलाचा कारभार ग्रामसभेकडे आला. बांबू विकून गाव चार पैसे कमावू लागलं. याच गावानं तेंदूपत्ता तोडणं स्वतःहून बंद केलं, कारण पानांसाठी फांद्या छाटल्या जातात, आगी लागतात. हमखास मिळणारी रोख मजुरी गावानं आपणहून सोडली. बफरच्या गावात अशीच बंदी वरून आली असती तर मोर्चा निघाला असता, आणि तो काढणाऱ्यांना मी चूक म्हटलं नसतं. पाचगाव व्याघ्र प्रकल्पात नाही, तिथलं सगळं इथं जसंच्या तसं चालणार नाही, हे मान्य. पण लोकांना जंगल नकोय, असं कुणी म्हणालं की मी त्यांना पाचगावचं नाव सांगते.

आता कुणी नव्यानं असं सर्वेक्षण करायला निघणार असेल, तर त्यांना एवढंच सुचवेन. हिवाळ्यात जाऊ नका, मोहाच्या दिवसांत जा आणि बायकांबरोबर पहाटे झाडाखाली जाऊन या. वाघ हवा की नको, हे विचारू नका. गेल्या खेपेला पंचनाम्याला कोण आलं होतं आणि किती दिवसांनी, हे विचारा. देवाला जायची वाट उघडी आहे का, हे विचारा. आणि अहवाल छापण्याआधी त्याच गावच्या ग्रामसभेत तो मराठीत वाचून दाखवा. मी ज्यांच्यासाठी पानं भरली, त्यांतल्या एकाही अहवालाचं असं वाचन आजवर झालेलं नाही.